पिवळ्या घराच्या दाराशी

मित्रांनो, प्रेबेन नावाच्या एका म्हाताऱ्या वायरमनच्या कार्यशाळेत, खिडकीखाली, एक लाकडी खोका आहे. तुटकी बटणे, जुन्या तारा आणि जळके दिवे यांच्या गर्दीत मी त्या खोक्यात पडून असतो. मी आहे एक कार्ड रीडर, आता कामातून गेलेला. माझ्या अंगावर शून्य ते नऊ आकड्यांची बटणे आहेत, त्यांच्याखाली # खुणेचे, हॅशचे एक बटण आहे, वर एक छोटा दिवा आहे, आणि डाव्या कोपऱ्यापासून मध्यापर्यंत एक तडा गेला आहे. समोर धरलेले कार्ड वाचायचे आणि दार उघडायचे, एवढेच माझे काम. ते मी सहा वर्षे केले. त्या सहा वर्षांतला एक दिवस आठवला की माझ्यात वीज नसतानाही माझा जीव घाबरा होतो. त्या दिवसाची गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात तांब्याच्या तारेचे एक वेटोळे बसवले गेले. त्यातून सतत एक अदृश्य लहर निघत असते. कार्ड जवळ आले की ती लहर त्याला जागे करते आणि ते आपला क्रमांक सांगते. तो क्रमांक मी माझ्या यादीत शोधतो. सापडला तर हिरवा दिवा लावून एकदा वाजतो आणि दार सोडतो. नाही सापडला तर लाल दिवा लावून दोनदा वाजतो. मला डोळे नाहीत. दाराशी बोललेले सारे मला कळते, पण कार्ड कोणाच्या हातात आहे ते दिसत नाही; पाहिल्यासारखे जे सांगेन ते मागाहून दाराशी ऐकलेले आहे. यात भिण्यासारखे काही आहे, असे तेव्हा माझ्या मनातही आले नव्हते.

मला विकत घेतले प्रेबेनने. उत्तर युलंडमध्ये, फ्योर्डच्या, म्हणजे जमिनीत शिरलेल्या समुद्राच्या, काठी आमचे गाव. बंदरापासून वर चढणाऱ्या रस्त्यावर पिवळ्या विटांचे एक घर होते. त्याच्या दारावर पाटी नव्हती. स्वतःच्या घरात मार खाऊन, घाबरून निघालेल्या बायका आपल्या मुलांना घेऊन तिथे राहायला येत. गावाला ते घर माहीत होते, पण त्याविषयी कोणी बोलत नसे.

प्रेबेनने दाराच्या चौकटीशेजारी, बाहेरच्या भिंतीवर मला बसवले. माझ्या तारा भिंतीतून आत, विजेच्या एका डबीत नेल्या. दाराच्या माथ्यावर चुंबकाचे कुलूप लावले. वीज असेपर्यंत ते दाराला धरून ठेवी आणि वीज गेली की सोडून देई. आतल्या बाजूला, बाहेर पडण्यासाठी, एक मोठे बटण बसवले.

घराची व्यवस्था गुड्रुन पाहत असे. कडक, नीटनेटकी बाई. वीज गेली की दार सुटते, हे तिला मुळीच पटले नाही. तिने प्रेबेनला दोनदा विचारले.

"आग लागली तर?" प्रेबेन म्हणाला. "वीज जाते, धूर भरतो, पोरं अंधारात दाराशी येतात. तेव्हा ते सुटलंच पाहिजे. म्हणून तर हे दार बाहेरच्या बाजूला उघडतं. नुसतं ढकललं की झालं."

मग त्याने माझी यादी तयार केली. आधी गुप्त सहा आकडे ठरवले. ते दाबल्याशिवाय मी कोणाचेही ऐकणार नव्हतो. गुड्रुनने ते आपल्या निळ्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतले. नंतर सतरा पांढरी कार्डे एकेक करून माझ्यापुढे धरली गेली. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात बारीक क्रमांक छापलेला होता. प्रेबेन तो मोठ्याने वाची आणि गुड्रुन तो लिहून घेई. कोणाला दिले त्याचे नाव पुढच्या रकान्यात.

"कार्ड हरवलं तर मला नंबर सांग," प्रेबेन म्हणाला. "तेवढं एक बाद करता येतं. नंबर माहीत नसला तर सगळीच्या सगळी पुसावी लागतील."

"मग वही हरवून चालणार नाही."

"वही हरवत नाही गं, गुड्रुन. लिहायची राहून जाते."

एक गोष्ट मात्र प्रेबेनला खुपत होती. माझी आकड्यांची बटणे बाहेर होती, रस्त्याच्या बाजूला. ती घरात असायला हवी होती. पण तशा महागड्या रीडरला पैसे मंजूर झाले नाहीत, म्हणून त्याने मान हलवली आणि पेच आवळले.

पहिले दिवस मोठ्या कौतुकाचे होते. मला बसवले त्या दुपारी कॉफी झाली, दालचिनीचे गोल पाव आले, आणि गुड्रुनने मला जुन्या शिपायासारखे थोपटले. त्या रात्री कितीतरी दिवसांनी झोप लागली, असे एका बाईने दुसऱ्या दिवशी दाराशी सांगितले. मला फार अभिमान वाटला. हिवाळ्यात लोकरी हातमोज्यांतून कार्डे पुढे येत. मुलांना माझा आवाज खेळासारखा वाटे. गुड्रुन दर शनिवारी माझ्यावरचे मीठ ओल्या फडक्याने पुसून काढी, कारण फ्योर्डवरचा वारा खारट असतो.

चौथ्या वर्षी गुड्रुन निवृत्त झाली. तिच्या जागी आलेली माणसे वाईट नव्हती. ती थोडी होती आणि कामे फार होती. एखादी बाई घर सोडून गेली की तिचे कार्ड खणात पडे, आणि नवी बाई आली की हाताला येईल ते कार्ड तिला मिळे. वहीत नावावर नाव, काट्यावर काट आणि वर पेन्सिलीच्या खुणा झाल्या. काही जणी जाताना कार्ड परत द्यायच्या विसरल्या. मला कोणी पुसेनासे झाले.

माझी भीती तेव्हा सुरू झाली. यादीत सतरा क्रमांक होते आणि रोज अकराच येत. उरलेली सहा कार्डे कोणत्या खिशात, कोणत्या गाडीत, कोणाच्या टेबलावर होती कोणास ठाऊक. त्यांतले कोणतेही कार्ड कोणीही आणले असते तरी मी हिरवा दिवा लावला असता. दारामागे झोपलेल्या बायकांना हे माहीत नव्हते. मला माहीत होते, आणि मला बोलता येत नव्हते.

ऑक्टोबरमध्ये सोल्वाय आली. ती दुसऱ्या गावात एका बेकरीत काम करत असे. तिच्याबरोबर चार वर्षांची मुलगी होती, टिल्डे. सोल्वायचे कार्ड माझ्यापुढे थरथरत येई, इतके की मला ते कधीकधी दोनदा वाचावे लागे. आत गेल्यावर ती दार तीनदा ओढून पाही.

एकदा टिल्डेने विचारले, "आई, हे दार कोणालाही उघडतं का?"

"नाही. फक्त आपल्याला."

हे ऐकून मला जे वाटले ते मी आजही विसरलेलो नाही. ती खोटे बोलत नव्हती. तिला कोणीतरी तसे सांगितले होते.

मग नोव्हेंबरमधला तो मंगळवार उजाडला. दुपारचे तीन वाजून गेले होते. आमच्याकडे त्या दिवसांत तेव्हाच उजेड मावळू लागतो. सोल्वाय मुलीला घेऊन तिच्यासाठी रबरी बूट आणायला खाली बंदराकडे गेली होती. ती परत आली ती धावत. तिने कार्ड पुढे केले नाही. घंटी दाबली आणि दाबूनच धरली.

त्या वेळी कामावर बोडिल एकटीच होती. ती तरुण होती आणि तिला तिथे येऊन दोनच महिने झाले होते. वरच्या मजल्यावर आणखी दोन बायका आणि त्यांची मुले होती, बाकीच्या बाहेर गेल्या होत्या. बोडिलने दार उघडले. सोल्वायच्या तुटक बोलण्यातून कळले की तिचा नवरा येस्पर तिला बंदरावर भेटला होता. त्याने तिचा दंड धरला, तिने हिसडा दिला, तेव्हा बॅग त्याच्या हातात राहिली. ती मुलीला घेऊन चर्चमागच्या पायऱ्यांनी पळाली, कारण तिथून गाडी येत नाही.

"बॅग जाऊ दे," बोडिल म्हणाली. "तुला लागलं का?"

"बॅगेत कार्ड आहे," सोल्वाय म्हणाली.

घर शोधायला त्याला फार वेळ लागणार नव्हता. गावात कोणी बोलत नसले तरी एखाद्याला सरळ विचारले तर तो बोट दाखवणारच.

बोडिलने पोलिसांना फोन केला. जवळची गाडी पुलापलीकडे एका अपघाताशी अडकली होती. यायला अर्धा तास लागेल, असे उत्तर मिळाले. तिने निळी वही उघडली. सोल्वायच्या नावापुढे दोन क्रमांक होते, दोन्ही खोडलेले. खाली पेन्सिलीने तिसरा लिहिला होता, तो पुसट होऊन गेला होता. घर चालवणाऱ्या मोठ्या बाई सभेसाठी ऑलबोर्ग शहरात गेल्या होत्या आणि फोन उचलत नव्हत्या. शेवटी आतल्या डबीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरून बोडिलने प्रेबेनला फोन लावला. तो फ्योर्डच्या पलीकडे आपल्या मुलीकडे होता, तासाभराच्या वाटेवर.

बोडिलचे म्हणणे होते की डबीतला स्विच बंद करून रीडरच मारून टाकावा.

"हात लावू नकोस त्याला," प्रेबेन म्हणाला. फोनचा आवाज तिने मोठा केला होता, त्यामुळे मला सारे ऐकू येत होते. "कुलूपही त्याच स्विचवर आहे. वीज गेली की दार मोकळं."

"मग कपाट सरकवून लावते दाराला."

"दार बाहेर उघडतं, बोडिल. कपाटाचा काय उपयोग?"

मित्रांनो, आतल्या पोरांसाठी किती विचार करून हे सारे बसवले होते ते तुम्ही ऐकलेच आहे. त्या दुपारी तोच विचार त्यांच्यावर उलटला होता.

"मग करू तरी काय?" बोडिलने विचारले.

"सगळी कार्डं पुसून टाक. वहीच्या शेवटच्या पानावर सहा आकडे आहेत, मला ते आता आठवत नाहीत. ते रीडरवर दाबायचे, पुढचं मी सांगतो."

"रीडर बाहेर आहे."

प्रेबेन म्हणाला, "हो. बाहेर आहे."

तेवढ्यात रस्त्यावरून एक गाडी हळूहळू गेली. तिचा सायलेन्सर फुटलेला होता. ती त्याचीच आहे, असे सोल्वायने हलक्या आवाजात सांगितले. गाडी आमच्या दारावरून पुढे गेली आणि शाळेच्या कोपऱ्यावर वळली. तो एकेक घर पाहत होता.

बोडिलने टिल्डेला जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसवले. ती एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात वही घेऊन बाहेर आली. दार बंद झाले तर सगळ्याच बाहेर अडकतील, म्हणून सोल्वाय उंबऱ्यावर उभी राहिली आणि तिने पाठीने दार रेटून धरले. वारा इतका होता की वहीची पाने फडफडत होती.

बोडिलने सहा आकडे दाबले. मी लाल झालो. तिने पुन्हा दाबले. मी पुन्हा लाल झालो.

"थांब," प्रेबेन म्हणाला. "तिसऱ्यांदा चुकलं तर तो दहा मिनिटं आकडे घेणार नाही, कार्डं मात्र वाचत राहील. तसाच बनवलाय तो."

मी खरोखर तसाच बनवलेला होतो. दोन्ही वेळा चूक कुठे होते ते मला कळले होते. चौथा आकडा चुकत होता. सारी बटणे माझ्याच अंगावर होती, आणि त्यांतले एकही मला स्वतःहून दाबता येत नव्हते.

"अक्षर गुड्रुनचं आहे," बोडिल म्हणाली. "मला नीट लागत नाहीये."

"इकडे दाखव," सोल्वाय म्हणाली.

"तू आत राहा."

"दाखव मला. नऊ वर्षं म्हाताऱ्यांच्या केकच्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या वाचल्यात मी." तिने पाठ दाराला तशीच ठेवून मान पुढे केली. "हा सात नाही. एक आहे. त्या पिढीच्या बायका एकाला अशी लांब शेंडी काढतात. सात काढला की त्याच्या पोटात आडवी रेघ मारतात. बघ, इथे रेघ नाही."

"नक्की?"

"नक्की."

बोडिलने दाबले. मी हिरवा झालो. प्रेबेनने पुढचे आकडे सांगितले, तेही तिने दाबले. आता फक्त शेवटचे हॅशचे बटण उरले होते. खालून, बंदराच्या बाजूने, फुटक्या सायलेन्सरचा आवाज पुन्हा चढावर येऊ लागला.

आणि ते बटण दबेना. दोन वर्षांचे मीठ त्याच्या कडेला साचून घट्ट झाले होते. बोडिलने अंगठा दाबला, पुन्हा दाबला. मग वही खाली टाकून, फोन खिशात कोंबून तिने दोन्ही अंगठे एकावर एक ठेवले आणि सारे अंग रेटले. कट् असा आवाज होऊन बटण आत गेले.

माझी यादी रिकामी झाली. सतराच्या सतरा क्रमांक गेले. मी एकदाच, लांब वाजलो. पण तो आवाज वाऱ्याने आणि गाडीने गिळून टाकला. त्या दोघींना तो ऐकूच आला नाही.

बोडिलने वही उचलली आणि त्या आत शिरल्या. दाराला वर एक दांडा होता, तो दार हळूहळू ओढून घेई, एरवी कोणाची बोटे चेमटू नयेत म्हणून. सोल्वायने मूठ धरून दार दोन्ही हातांनी ओढले. चुंबक चिकटला.

"वाजला का तो?" बोडिल फोनवर विचारत होती. "मला काही ऐकू नाही आलं."

"मलाही नाही," प्रेबेन म्हणाला.

गाडी थांबली. खडीवर पावले वाजली. ती घाईत नव्हती. मग कार्ड माझ्यापुढे आले.

यादी वेगळी असते आणि आठवण वेगळी. ते कार्ड मी ओळखले. महिनाभर जे थरथरत येत होते तेच ते होते, पण आता अगदी स्थिर होते. मित्रांनो, मी त्या माणसाला भ्यालो नव्हतो. मी स्वतःला भ्यालो होतो. एखादी नोंद माझ्या पोटात उरली असेल तर? बटण अर्धेच दबले असेल तर? मी शोधू लागलो. एवढ्या कामाला मला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही, पण तो वेळ मला संपता संपेना.

मी लाल झालो. दोनदा वाजलो.

दारामागून टिल्डेचा बारीक आवाज आला. "दोन वाजले, आई. दोन म्हणजे नाही."

त्याने कार्ड पुसले आणि पुन्हा धरले. उलटे करून धरले. प्रत्येक वेळी मी तेच उत्तर दिले. मग तो दाराला तोंड लावून, अगदी प्रेमाने बोलू लागला. "सोल्वाय, उघड ना. मी फक्त बोलायला आलोय. टिल्डेची टोपी राहिलीय माझ्याकडे. थंडी किती आहे बघ."

तो बराच वेळ तसाच बोलत राहिला. नंतर त्याने वाटेच्या कडेचा दगड उचलला आणि माझ्यावर घातला. एकदा, मग दुसऱ्यांदा. माझा दिवा विझला. पण कुलपाच्या तारा प्रेबेनने भिंतीपलीकडे आतल्या डबीत जोडल्या होत्या. मी फुटलो तरी दार जागचे हलले नाही.

पोलीस आले तेव्हा तो पायरीवर बसून होता. एका पोलीस बाईने त्याच्या हातून बॅग काढून घेतली, दुसऱ्याने त्याला गाडीत बसवले. दार उघडल्यावर कळले की बोडिल आणि सोल्वाय आत जमिनीवरच बसल्या होत्या, दाराची मूठ चारही हातांनी धरून.

संध्याकाळी प्रेबेन आला. त्याने माझी एक तुटलेली तार जोडली, तडा चिकटवला आणि सारी बटणे स्वच्छ केली. मग घरात होती तेवढीच कार्डे, एकेक करून, पुन्हा यादीत चढवली. क्रमांक सोल्वायने वाचले, बोडिलने नव्या वहीत लिहिले. प्रेबेनने पेचकस खाली ठेवला आणि म्हणाला, "आकडे बाहेर लावायला मी तेव्हाच नकार द्यायला हवा होता." त्यावर कोणी त्याला धीर दिला नाही. बोडिलने त्याच्या पुढ्यात कॉफी ठेवली.

हिवाळा सरता सरता सोल्वायला दूरच्या एका बेटावर घर आणि बेकरीत काम मिळाले. निघण्याच्या सकाळी तिने दाराशी उभी राहून आपले कार्ड बोडिलच्या हातात दिले.

"पुसलंस?" तिने विचारले.

"पुसलं."

"वहीत लिहिलंस?"

"हे बघ, लिहिलं. आजच्या तारखेसह."

मग ती टिल्डेला घेऊन उतार उतरून गेली. पुढच्याच आठवड्यात बटणे आतल्या बाजूला असलेला नवा रीडर आला आणि प्रेबेनने मला उतरवून या खोक्यात आणून ठेवले.

मला कोणाचा राग नाही. त्या घरात निष्काळजी असे कोणी नव्हते, सगळे दमलेले होते. पण माझी भीती गेलेली नाही. माझे लाखो भाऊ आज शाळांच्या, दवाखान्यांच्या, कचेऱ्यांच्या दारांशी उभे आहेत, आणि त्यांच्या यादीत अशी कार्डे आहेत ज्यांचा ठावठिकाणा कोणालाच माहीत नाही. तुमच्या दाराशी असा एखादा असेल तर मोठ्यांना आजच वही उघडायला सांगा. जो गेला त्याचा क्रमांक त्याच दिवशी काढायला सांगा. रीडरवर साचलेली धूळ तुम्हीच पुसा. आणि बोडिलसारखी बाहेर जायची वेळ कोणावर येणार नाही, याची तजवीज आधीच करून ठेवा. आम्ही कोणालाही ओळखत नाही, मित्रांनो. आम्ही फक्त क्रमांक वाचतो. माणसे ओळखण्याचे काम तुमचे आहे.